चालू

मोहोळहून आलो तेव्हा मला तेलुगू येत नव्हतं.
अक्कलकोट रोडला, सायझिंगच्या भोंग्याखाली
राजमल्लू चिप्पांचं गॅरेज. मे महिन्यात पत्र्याला हात लागायचा नाही.
सिलंटची ट्यूब माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची,
हे माझं पहिलं काम.

दुसरं, पुसणं.
यंत्रमागाचा वेस्ट किलोवर यायचा,
चादरींच्या काठांचा लाल-हिरवा गुंता.
त्यानं ग्रीस काढायचं, पण शेवटचा हात
धुतल्या धोतराच्या तुकड्याचा, थिनर लावून.
कडेवर एक तंतू जरी राहिला,
तर तेल, उस्ताद म्हणायचे, सुतावरून स्वर्ग गाठतं.

सिद्राम हत्तुरेची इंडिका. खालचं चेंबर बसवायचं होतं.
ट्यूब पहिल्यांदाच माझ्या हातात.
मी ओळ ओढत निघालो. अर्ध्यावर उस्ताद म्हणाले,
"चालू."
मी चालू ठेवलं.
"चालू, चालू!"
मी आणखी जोर दिला, अंगठा पांढरा पडला.
तेवढ्यात बाहेर कुणी टेम्पोवाला ओरडला, ते गेले.
मी कड भरून काढली, बोटानं सारवली,
आणि बोल्ट आवळले, एका टोकाकडून, अंगात होती तेवढ्या ताकदीनं.
दोन्ही बाजूंनी राखाडी मिशा फुटल्या.
वाटलं, आता थेंब गळायचा नाही.

थेंब गळला नाही, हे खरं.

नवव्या दिवशी वळसंगच्या पुढं
तेलाचा लाल दिवा. हत्तुरेनं तिथंच चावी फिरवली
म्हणून इंजिन वाचलं. दोरीनं ओढत आणलं.
चेंबर उतरवलं, तर तेलाच्या जाळीत
राखाडी तुकडे, मोरीत अडकलेल्या शितांसारखे, गच्च.
बाहेर मिशी आली होती तेवढीच आतही आली होती.

"मी चालू म्हणलो नव्हतो का बे?"
"म्हणलात की. म्हणून तर चालूच ठेवलो."

ते बघत राहिले. मग चेंबरशेजारीच
तेलकट फरशीवर बसले आणि हसले,
खोकला येईपर्यंत.
त्यांच्या घरात चालू म्हणजे पुरे.
आई भात वाढत असते आणि पोर
ताटावर हात आडवा धरून म्हणतं, ते.

हत्तुरेकडून मजुरी घेतली नाही. जुनी जाळी
खिळ्याला टांगली, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी.

वडील त्यांचे सायझिंगला होते.
खळ कमी पडली तर सूत पिंजतं,
जास्त झाली की कडकन मोडतं, एवढं ते सांगून गेलेले.
"ज्वारीच्या दाण्याएवढी ओळ बे. भोकाच्या आतल्या अंगानं.
हातानं बोल्ट धरव, मग चहा पिऊन ये."
हेडच्या गास्केटजवळ मात्र ट्यूब फिरकू द्यायचे नाहीत.
ते कोरडंच जायचं, नव्या कपड्यासारखं, घडी न मोडता.
मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्कचा पाना टक् म्हणेपर्यंत.
टक् झालं की हात काढायचा.
मला त्या दुसऱ्या टक्‌ची फार हाव असायची.

आता हत्तुरेचा पोरगा गाडी आणतो.
जुनंच गास्केट बसवा म्हणतो, चांगलं तर दिसतंय.
मी ते उजेडात धरून दाखवतो: पाण्याच्या वाटांभोवती
उठलेलं सगळं सपाट झालंय.
एकदा दबलं ते पुन्हा दबत नाही, दादा, नवीन आण.

सैपन हाताखाली आहे, कुंभारीचा. त्यालाही तेलुगू येत नाही.
परवा तो ओळ ओढताना माझ्या तोंडून गेलं, "चालू."
त्याचा अंगठा जागच्या जागी थांबला.
कुणी सांगितलं असेल, की त्या जाळीनंच?

रात्री इंजिनखाली पेपर पसरून कुलूप लावलं. तेल भरलं सकाळी.
दुपारपर्यंत गाडी उभ्यानं चालवून ठेवली,
मग ओणवं होऊन पेपर ओढला.
कोरडा. परवाची बातमी, होटगीला
पाणी चार दिवसांआड.
तिथंच उकिडवा बसून मी ती पूर्ण वाचली.