उठबस

बोट आठवड्यातून दोनदा.
म्हणून द्रुसिला पेनीचं दोन दिवसांचं काम
चार दिवस चालतं,
आणि उरलेल्या वेळात ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
नको नको म्हणत तिसरा चहा घेते.

एकतीस वर्षं हेच.
न्यूफाउंडलंडचा दक्षिण किनारा, रस्ता नसलेलं गाव,
घरापासून घराला फळ्यांची वाट,
खाली खडक, खडकाखाली समुद्र.
एकवीस घरं. दिवे नऊ घरांत.

सामान थोडकं. स्टॉपवॉच, मोजपट्टी, कोरे तक्ते.
खुर्ची चर्चच्या तळघरातली,
एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
हात छातीशी बांधायचे
आणि तीस सेकंदांत जमेल तितकी उठबस करायची.
"एवढंच?" लोक विचारतात.
एवढंच.

"व्यायाम करता का?" या रकान्यात
फिलोमिना टोबिननं ठळक लिहिलं होतं, नाही.
वय तेव्हा ब्याऐंशी.
लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून
मागच्या अंगणात बर्चचे ओंडके फोडायला गेली,
कारण शेजारच्या अल्फ्रेडाचा स्टोव्ह
सकाळी पेटवणार कोण?

अँब्रोज कीपिंगनं तर मनगटावरचं यंत्र
कुत्र्याच्या गळ्यात बांधलं.
आठवड्याची पावलं एक लाख चाळीस हजार.
द्रुसिला काही बोलली नाही.
मी ती वही नंतर पाहिली,
त्याच्या नावापुढे बारीक अक्षरात:
प्रकृती उत्तम. शेपूट हलते.

तिचे निबंध शहरांत वाचले गेले, मंचांवर खुर्च्या मिळाल्या,
हात असलेल्या, मऊ, ज्यांतून उठवत नाही.
तरुणपणी एका निबंधाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं,
वृद्धांना चालण्याचं महत्त्व पटवून द्यायला हवं.
ते वाक्य काढलं की अजून
ती चष्मा पुसायला घेते.

एक आलेख मात्र सतत बरोबर,
घड्यांवर फाटायला आलेला.
सगळ्या गावाची पावलं, एका रेघेत.
रेघ बरी चाललेली असते. वर, खाली, थोडी वर.
मग एका मंगळवारी बसते, ती बसतेच.
त्या मंगळवारी बर्फ नव्हतं.
साथ नव्हती, कुणी पडलं नव्हतं,
कुणाला पुरलं नव्हतं.
पोस्ट बंद झालं होतं.

पत्रं कुणाला येत होती म्हणा.
पण आली नाहीत हे बघायला
रोज जावं लागायचं.

यंदा तिचा शेवटचा फेरा.
पुढच्या वर्षीपासून वही माझ्याकडे,
स्टॉपवॉच माझ्याकडे, बोटीतली मळमळही.
तळघरात दोघीच होतो. मी म्हटलं, बसा.
"मी?" सदुसष्ट वर्षांची बाई लाजली.
हात छातीशी बांधले.
पुठ्ठा सरकला, नीट केला, पुन्हा सुरुवात.

सात. आठ.
नऊला श्वास ऐकू आला.
अकराला उजवा गुडघा वाजला, आम्ही दोघी हसलो.
बाराव्याला ती मध्येच थांबली,
धड उठलेली नाही, धड बसलेली नाही,
नजर खिडकीबाहेर.

फळ्यांवरून फिलोमिना येत होती.
आता अठ्ठ्याऐंशी. वारा अंगावर घेत, काठीशिवाय,
हातात फडक्याखाली काहीतरी गरम.
"घड्याळ थांबव," द्रुसिला म्हणाली,
"तिला जिना चढायला लावू नकोस,"
आणि स्वतःच वर गेली, दोन दोन पायऱ्या.

रकाना उघडा होता. नियम मला पाठ आहेत,
पूर्ण तेवढीच धरायची.
अकरा लिहिलं.
बाराव्या वेळी ती परत बसलीच नाही,
हे लिहायला जागा शोधत राहिले,
तोवर वरून हाक आली,
चहा निवतोय.