कोंब

घर उघडलं.
मारुस्यानं हीटर चालू ठेवला होता, झाडंही जगली होती.
टेबलावर सहा अंडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि चिठ्ठी: कोंबड्या थंडीवर रुसल्यात,
एवढीच दिली.

बाहेर उणे चौतीस.
गाडी विमानतळावरून कशीबशी आली
आणि दारातच तिनं मान टाकली.
ओरेस्ट अजून त्या फुलाफुलांच्या शर्टात,
वरून जाडजूड कोट,
मनगटावर निळा प्लास्टिकचा पट्टा.
तो दिसला की दहा दिवस
कुणी काही विचारायचं नाही,
नुसतं वाढायचं.

मी तळघरात उतरले.
बटाटे अंधारात वाट बघून कंटाळले होते.
बोटबोट पांढरे कोंब काढून
खिडकीच्या फटीकडे निघाले होते,
तिथून थोडा उजेड येतो म्हणून.
आम्ही तरी जानेवारीत
दुसरं काय केलं होतं?

तिथे काय नव्हतं.
उघड्या आभाळाखाली कापलेली पपई,
बर्फातून कोरलेला हंस, त्याच्या पोटाशी कोळंबी,
एकाच डुकराचे पाच प्रकार,
आणि केक तर मी मोजणंच सोडलं.
चौथ्या दिवशी ताट हातात घेऊन
मधोमध उभी राहिले
आणि कळेचना, भूक लागलीय की नाही.
हंस वितळत होता.
चोच केव्हाच गेली होती.

ऑम्लेटच्या तव्यापाशी एलिहिओ असायचा.
मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा,
आणि त्याच्या हातावर पट्टा नाही,
हे माझ्या सहाव्या दिवशी लक्षात आलं.
त्यानं विचारलं, बाई, घरी काय खाता तुम्ही?
मी म्हटलं, काही खास नाही.
तो हसला, अंडं उलटलं.
माझ्या मागच्या माणसाला
ढोबळी मिरची जास्त हवी होती.

तर एलिहिओ, हे बघ, काही खास नाही:
कोंब आधी अंगठ्यानं मोडायचे, मग साल काढायची.
खारट पाण्यात बटाटे.
लोण्यात कांदा, कडा करपेपर्यंत,
करपेपर्यंत म्हणजे खरंच करपेपर्यंत,
माझी आई इथे घाई करायची, मी करत नाही.
सप्टेंबरात गोठवून ठेवलेला शेपू
पिशवीतून काढून हातानंच चुरायचा;
तेवढ्यानं सबंध स्वयंपाकघराला
परसातल्या वाफ्याचा वास येतो,
जो आत्ता चार फूट बर्फाखाली आहे.
बरणीतला आंबवलेला कोबी.
मारुस्याची अंडी, दोन त्याला, एक मला.
बस.

ओरेस्ट तीनदा घेतो, बोलत नाही.
त्याच्या मानेची कातडी सोलवटून निघतेय,
कागदासारखी, नव्या बटाट्यासारखी.
मग ताट पुसून झाल्यावर
मनगट पुढे करतो: काप.
मी स्वयंपाकाचीच कात्री आणते.
पट्टा सालींच्या ढिगावर पडतो,
खाली एक पांढरी रेघ उरते,
तेवढाच भाग इथला.

भांडी घासताना आठवतं
की उलट विचारायला हवं होतं.
रात्री अकराला कामगारांची बस
त्याला वळणावर सोडते, एवढं त्यानं सांगितलं होतं.
तिथून पुढे अंधारात तो चालत जातो.
कुणी झाकण काढून बघतं का,
राहिलंय का काही?
की दिवसभर अंडी उलटणाऱ्याला
अंड्याचा वासही नकोसा होतो?
मला त्याच्या भाषेत भूक हा शब्दसुद्धा येत नाही.
नको आणि आभार, एवढंच शिकून आले.

सगळ्यात जास्त कोंब आलेले चार बटाटे
मी शिजवले नाहीत.
अंड्यांच्या जुन्या खोक्यात, खिडकीशी ठेवलेत.
मेमध्ये जमीन सैल झाली तर बघू.

उद्या काय? ओरेस्ट दिवा मालवताना विचारतो.
हेच, मी म्हणते.
बरं, म्हणतो,
आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा
ढेकर न देता झोपतो.