शर्टाचा डावा खांदा

वालपराइसोच्या टेकडीवर,
दोराने वर ओढल्या जाणाऱ्या डब्याच्या फाटकाशी
एदुविहिस मावशीची लाँड्री होती.
मी तेरा वर्षांची. शाळा सुटली की गाठोडी सोडायची
आणि धुण्याआधी प्रत्येक कपड्याचा जबाब घ्यायचा.

"काय दिसतंय?"
"खलाशाची पँट."
"खलाशी? कुठाय खलाशी?
पँट दिसतेय. पुढे बोल."
घोट्यापाशी मिठाची पांढरी रेघ.
उजवा खिसा फाटलेला, डावा कोरा.
गुडघे शाबूत.
"शाबूत हेही लिही," ती म्हणायची,
"जे झालं नाही, तेही साक्ष देतं."

लिहायचं बिलाच्या पाठीवर, दोन रकान्यांत:
एकात डोळ्यांचं, दुसऱ्यात डोक्याचं.
डोक्याच्या रकान्याला पेन्सिल,
आणि खोडरबर टेबलाला दोरीने बांधलेलं.

त्या हिवाळ्यात मी फार हुशार झाले.
बाहीच्या शिवणीतल्या पिठावरून बेकरीतला नवा पोऱ्या ओळखला,
चादरीच्या एकाच अंगाला पडलेल्या चुण्यांवरून
कुणाचा नवरा जहाजावर गेलाय, ते.
हुशारी तापल्या इस्त्रीसारखी:
हातात धरवत नाही,
आणि कुठे टेकवावी ते कळत नाही.

तशात आला ओलेगारियोचा रविवारचा शर्ट.
गोदीतला जुना मापाडी, मान खाली घालून चालणारा.
खांद्यावर लिपस्टिक, लालभडक.
आणि त्याची बायको, ग्रिसेल्दा,
दोन वर्षांत कुणाला रस्त्यावर दिसली नव्हती.
मी शाईने लिहिलं.
मग उचलली जीभ, लावली टाळ्याला:
पावाच्या रांगेत एकीच्या, फक्त एकीच्या कानात.
संध्याकाळपर्यंत ते वाक्य
डब्याचं तिकीट न काढता बंदरात उतरलं.

मावशी ओरडली नाही. शर्ट पुन्हा माझ्यापुढे पसरला.
"कुठला खांदा?"
डावा. कॉलर स्वच्छ.
डाग टेकलेल्या ओठांचा नाही, घसरलेल्या ओठांचा,
मान कलंडावी तसा तिरका.
उजव्या बाहीत, कोपराच्या आत, खोल घडी:
वाकल्या हातावर काही जड तोललेलं.
कापराचा वास. एक केस, लांब, पांढरा.
"आणि मागचे शर्ट?"
बिलं चाळली. तीन रविवार.
तोच खांदा, तोच डाग; समोर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने:
"बीट?"

शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री केला तिने,
आणि माझ्याच हातात दिला. "पोचवून ये."

दार त्यानेच उघडलं. अंगठ्यावर लाल रंग.
आत पलंग, पलंगावर ग्रिसेल्दा, अर्ध्या चेहऱ्याने हसत;
अर्धे ओठ रंगवून झाले होते, अर्धे व्हायचे होते.
"गच्चीवरून बोटी दिसतात," तो म्हणाला,
"पण नटल्याशिवाय ही वर येते थोडीच!"
पलंगाच्या पायथ्यापासूनच जिना चढत होता.
त्याच्या कानावर काही आलं होतं की नाही
ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.
पुढे पंचवीस वर्षं तपास खात्यात काढली, तरी
तो चेहरा आठवून अजून येत नाही.

परतले तेव्हा इस्त्रीवरची नजर न काढता तिने विचारलं,
"पायऱ्या किती गच्चीला?"
"सतरा. आठवी डगमगते."
न सांगता मोजल्या होत्या. पहिल्यांदाच.
तिने खोडरबर माझ्याकडे सरकवलं,
दोरी ताणली गेली तिथवर.
शाई त्याने निघत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी त्याचा शर्ट आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
"शर्ट नाही," मी पहिल्या रकान्यात लिहिलं.
पेन्सिल हातात घेऊन
बराच वेळ बसले.
दुसरा रकाना कोराच ठेवला.