शेपटीचा सी

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर, मांडवीकडे पाठ करून
मी लॉग वाचते.
जन्मदाखल्यांची साइट आमची. अडली की म्हणते,
'काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.'
लोक गुणी. पुन्हा प्रयत्न करतात.

रोज पहाटे तीन चाळीसला एक लाल ओळ.
एकच. कधी दोन.
आमोणकर सर म्हणाले, अगो, ती जुनीच,
मी बदलून आलो तेव्हापासून आहे, कुणाला चावत नाही.

सर्व्हरची स्वतःची नोंद म्हणजे
पंचनाम्यात 'अपघात झाला' एवढंच लिहून
हवालदारानं पेन खिशात घालावं तशी.
कुठे, कसा, हातात काय होतं, पत्ता नाही.

म्हणून मी माझी वही घातली
कोडमध्ये, जिथे चूक पकडतात त्या दाराशी.
पान कोणतं, रकाना कोणता, कितवं अक्षर,
समोरच्याचं घड्याळ कुठल्या गावचं.
नाव मात्र नाही.
दाखला त्यांचा, लॉग माझा,
नावाला इथे काम नाही.

दुसऱ्या पहाटे ओळ आली ती बोलकी होऊन.
रकाना: आईचं नाव.
घड्याळ: लंडनचं, रात्रीचे अकरा दहा.
अक्षर: सातवं.
सी, आणि त्याला खाली इवलीशी शेपटी.

पुढचं अक्षर लॉगमध्ये नव्हतं, पण मला ठाऊक होतं:
डोक्यावर लाट घेतलेला ए.
सांतिनेजला माझ्या घरमालकीणबाईंच्या पत्रपेटीवर
हेच नाव आहे, शेपटीसकट, लाटेसकट.
रोज किल्ली शोधताना वाचते.

आणि आमची तपासणी म्हणे, फक्त ए ते झेड.
कुणी लिहिली, इतिहास उघडून पाहिलं.
मीच. चार वर्षांपूर्वी,
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

ओळ बदलली. अर्धा मिनिट लागला.
फोंड्याहून आईचा फोन: आज काय केलंस गो?
म्हटलं, एका बाईला आत घेतलं.
कुठल्या?
ठाऊक नाही.

त्या पहाटे तीन चाळीसला लॉग कोरा.
आधी बरं वाटलं. मग आंघोळ करताना सुचलं,
कोरं म्हणजे अर्ज गेला असेल,
किंवा शिफ्ट संपवून आलेलं ते माणूस
बूट न काढताच झोपलं असेल,
कंटाळलं असेल,
या साइटचं नाव टाकलं असेल.
माझी वही फक्त पडलेल्यांची.

ऑफिसला जाऊन आणखी एक नोंद घातली, हिरवी:
'पोचला.'
सर म्हणाले, हे कशाला? जागा खातं.
खाऊ दे, म्हटलं.

बुधवार कोरा.
गुरुवारी तीन बावन्नला ती आली.
रकाने सगळे भरलेले, घड्याळ लंडनचं, हिरवी.
बारा मिनिटं उशीर.
बस चुकली असेल.