काचेवरचा ओरखडा

माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर एक ओरखडा आहे,
उजव्या कोपऱ्यातून निघालेला, जरासा तिरका.
कुणाच्या तरी फायलीची पिन घासली, तेव्हापासूनचा.
काच बदलायचे साडेतीन हजार सांगतात.
मी म्हणते, चालतंय.
दोन रुपयांच्या प्रतीत एक रेघ जास्त.

दुकान जकात नाक्याच्या चौकात.
जकात गेली, नाका गेला, नाव उरलं,
आणि सातपूरकडून येणारा तो उतार.
उतारावरून द्राक्षांचे टेम्पो, कंपन्यांच्या बसेस,
दुसऱ्या पाळीची घाई,
आणि मधोमध आम्ही, हात वर करून,
वर्गात उत्तर येत असल्यासारखे.

गांगुर्डे काकांच्या पहिल्या अर्जाला सहा वर्षं झाली.
नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त माणूस.
चौतीस वर्षं कोऱ्या नोटांचे ताव मोजले,
आता महापालिकेकडे अकरा लाख मागतात:
एक सिग्नल, पांढरे पट्टे, उतारावर गतिरोधक.
सोबत चौकाचा नकाशा, पट्टी लावून हाताने काढलेला.
'पाच प्रती काढ, कुमुद. एक पोचेसाठी.'
पाचही प्रतींवर माझी रेघ,
रस्त्याला आडवी.

उत्तरंही प्रती काढायला माझ्याकडेच यायची.
लेखाशीर्ष उपलब्ध नाही.
वाहतूक शाखेचा अभिप्राय मागवण्यात येत आहे.
सदर काम सिंहस्थ आराखड्यात प्रस्तावित.
हे शेवटचं वाचून काका हसले होते:
'म्हणजे गोदावरीत लाखो लोक बुडी मारून जातील,
तोवर आपण इकडेच थांबायचं.'

मग मार्गशीर्षात एक बाई आली.
मुलाचं आधार कार्ड. नऊ प्रती, विम्यासाठी.
कंपनीत लागून चारच महिने झाले होते म्हणे.
'ताई, चेहरा काळा येतोय. जरा उजळ निघेल का?'
माझ्या मशीनला उजळचं बटण आहे.
मी ते दाबत गेले, शेवटपर्यंत.
चेहरा पुसला गेला, रेघ राहिली.
तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.
नाही, खोटं कशाला बोलू, घेतले.
अठरा रुपये तिने मोजून काउंटरवर ठेवले
आणि मला नको म्हणता आलं नाही.

पैसे आले ते मार्च एंडला.
कुठल्याशा उद्यानातल्या कारंज्याचे, न खर्चलेले.
अकरा नव्हेत, चार लाख दहा हजार.
सिग्नल नाही. पट्टे आणि गतिरोधक, बस्स.

पगारे मॅडम आल्या, कनिष्ठ अभियंता,
स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते.
हातात काकांचा नकाशा, प्रतीची प्रत, तिचीही प्रत.
'पट्टे कोपऱ्यावर घ्यायचे असतात.
मग इथे ही रेघ कुणी मारली?'
बोट बरोब्बर माझ्या ओरखड्यावर.
काका माझ्याकडे बघायला लागले.
मी बाहेर बघितलं.
बस थांब्यावरून उतरलेली चार माणसं
मेडिकलकडे निघाली होती, तशीच, तिरकी,
जशी रोज निघतात.
'लोक इथूनच जातात, मॅडम,' मी म्हणाले.
यात खोटं काहीच नव्हतं.

रात्री दोनला पट्टे मारले.
गरम रंगाचा वास शटरच्या आत सकाळपर्यंत होता.
पट्टे किंचित तिरके आलेत.
बघून कुणी काही म्हणत नाही.
काल पहिल्यांदा एक टेम्पो थांबला.
ड्रायव्हरने शिवी दिली,
पण थांबून दिली.

ती बाई मात्र पट्ट्यांवर कधी दिसली नाही.
मागच्या गल्लीतून वळसा घालून जाते, असं मेडिकलवाला सांगतो.

आज मशीनवाल्याचा फोन आला:
काच आलीये, पाचशे कमी करतो, बसवू का?
म्हटलं, राहू दे.
सिग्नलचा अर्ज अजून जायचाय.