एका ओढीत सुटेल अशी

स्वयंपाकघराच्या फरशीवर पाच पिशव्या.
निळी, पाण्यातून बाहेर आल्यावरची. लाल, सायकल सोडल्यावरची.
पांढरी कपड्यांची. आणि दोन वाटेत मिळायच्या,
ज्यांत काय भरायचं ते कुणीच सांगत नाही.

बाहेर वारा.
लान्झारोतेत वारा ही बातमी नसते,
घरातलाच कुरकुरणारा माणूस असतो तो,
दार लावलं तरी फटीतून काहीतरी ऐकवत राहणारा.
परवा तिमानफायाच्या काळ्या लाव्ह्यातून चढताना
छातीवर हात ठेवून तो मला मागे ढकलणार.
म्हणून खोल रिमची चाकं नकोत. साधीच.

दोन ट्यूब. गॅसची नळकांडी, तीन.
मोज्यांची एक जोडी निळीत, एक लालमध्ये,
वर आणखी एक, कारण चौदा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत
मी एवढंच शिकले :
मोजा हरवतो तो एकटाच.

जेलच्या पाकिटांनी मला मळमळतं.
भाजलेल्या मक्याचा गोफिओ केळ्यात नि मधात मळून
मुटके वळलेत, अकरा.
आणि मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे, सालासकट,
सुरकुतलेले, बाबांच्या बोटांसारखे.

बाबा दाराशी खुर्ची ओढून बसलेत.
एकावन्न वर्षं समुद्रावर काढली, पोहता येत नाही.
त्यांच्या वेळच्या कुणालाच येत नसे. विचारलं तर म्हणायचे,
पोहणाऱ्याला बुडायला फक्त वेळ जास्त लागतो.
मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले, हॉटेलच्या तलावात,
पाहुणे झोपल्यावर, काठावर यराय बॅटरी धरून उभा.
घरी सांगितलं नव्हतं. केसांतल्या क्लोरिनने सांगितलं.

वेटसूट दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर लोंबतोय.
बाबा त्याच्याकडे मधूनमधून बघतात,
अनोळखी पाहुणा मान टाकून बसलाय जणू.
"पाणी केवढं?" तिसऱ्यांदा.
"तीन किलोमीटर आठशे."
"आणि तिथून कुठे?"
"तिथेच परत. मग सायकल, एकशे ऐंशी. मग पळायचं, बेचाळीस."
"आणि मग?"
"मग घरी."
मान हलवतात. घरी यायचं, हे पटतं त्यांना.
एकही मासा न घेता, हे नाही.

व्हॅसलिनची डबी पाहून ते उठले,
आतून वल्ह्यांना लावायच्या चरबीचा डबा घेऊन आले,
बोकडाचा वास, पार शेजारी गेला असेल.
मी व्हॅसलिन काढलं नाही. डबाही ठेवला.

शेवटची पिशवी पळताना मिळणार, अंधार पडल्यावर.
यराय म्हणाला होता, त्या वेळी तुला जे हवंसं वाटेल ते भर.
त्या वेळची मी कोण असेन, मला काय माहीत?
कोरडा बनियन ठेवला. मग बराच वेळ काहीच नाही.
मग लाँड्रीतली, नुकती इस्त्री केलेली एक उशीची खोळ.
का, ते विचारू नका.

साडेअकराला दोऱ्या ओढून गाठी मारल्या.
बाबांनी एकेक सोडली, नखाने, न बोलता,
आणि आपली मारली.
"तुझ्या गाठी सुटतात, पण शुद्धीवर असलेल्या माणसाला."
टोक माझ्या हातात दिलं. "ओढ."
सुटली.
"आता डोळे मिटून."
सुटली.
"आता बोटं मेलीत असं समज."
मी मुठी आवळल्या, टोक दातांत धरलं.
सुटली.
पाचही पुन्हा बांधल्या त्यांनी.

टेबलावर पोहायचा चष्मा तेवढा राहिला.
तो कुठल्याच पिशवीत जात नाही, हातात न्यायचा.
बाबांनी उचलून दिव्यासमोर धरला.
"ह्यातून तळ दिसतो?"
"काठाजवळ. वाळू, एखादा मासा. पुढे नुसतं निळं."
"निळं तर मला वरूनही दिसायचं," म्हणाले,
आणि काच सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले,
दोन्ही बाजूंनी.