शेपूट हलते

वाल्दिव्हिया, नदीकाठचा दवाखाना, रात्रीचे अकरा.
मासळीबाजाराच्या धक्क्यावर समुद्रसिंह ओरडताहेत,
त्यांचं काही दुखत नाही, त्यांना फक्त जागा हवी आहे.
टेबलावर सेनिसा. राखी मांजर, वय चौदा. गप्प.

डोन्या एदुवीहेस शाल सोडवत म्हणते,
काही नाही हो, म्हातारी झालीय.
पूर्वी लाकडाच्या ढिगावर उडी मारून बसायची,
आता खालीच. फरशीवर.
आणि घुरघुरते की छान, ऐका ना.

ठणका, कळ, चमक, रग,
माणसाकडे केवढी पोतडी शब्दांची.
हिच्याकडे दोन कान आहेत, ते किंचित बाहेर वळलेत.
मी मिलारायला म्हणते, हात नको लावूस अजून, बघ.
ती नवी आहे, कागद घेऊन उभी आहे:
डोळे बारीक, एक. नाही, दोन.
मिशा ताणलेल्या.
मान खांद्यांच्या खाली.
बेरीज सात, ती म्हणते, आणि माझ्याकडे बघते
जणू सात तिनेच केले.

आमच्या वेळी असा कागद नव्हता.
सर सांगायचे, दुखू द्यावं थोडं,
दुखलं की जनावर पडून राहतं, टाके सुटत नाहीत.
आम्ही ते वहीत उतरवलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

कोर्रालच्या एका कोळ्याचा तांबडा कुत्रा होता,
मांडीच्या हाडात सळई घातलेली.
रात्रभर दर तासाला मी जायचे, कंदिलासारखी बॅटरी धरून,
आणि तो शेपूट हलवायचा.
दर तासाला मी लिहिलं: ठीक. शेपूट हलते.
मी वळल्यावर तो काय करायचा
ते लिहायला रकाना नव्हता.
सकाळी पिंजऱ्याचा गज एका जागी
चावून चावून चकचकीत झाला होता.
तेही मी लिहिलं नाही.

उजव्या खुब्यावर बोट ठेवते.
सेनिसा मान वळवून माझ्या बोटाकडे बघते.
एवढंच. तिचं ओरडणं एवढंच असतं.
गालाच्या आत औषधाचे थेंब, मग वाट.
पाऊण तासाने तिने पंजा चाटला,
आधी जरा, मग नीट,
सकाळची राहिलेली कामं उरकावीत तसा.

म्हणजे म्हातारी नव्हती झाली? डोन्या विचारते.
झालीय. आणि दुखतही होतं.
ती बराच वेळ शालीची घडी घालते.
दोन हिवाळे, ती म्हणते. दोन हिवाळे मी तिला आळशी म्हटलं.
यावर माझ्याकडे थेंब नाहीत.

मिलाराय कागदावर तीन लिहिते.
वेळही लिही, मी सांगते. दोन वाजता पुन्हा.

दोन वाजता मी दिवा न लावता जाते,
दाराच्या काचेमागे उभी राहते,
मला बघून कुणी शेपूट हलवायच्या आत.